युरिया ८४ पोती

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मुख्य रस्त्यावरून एक चक्कर मारा. मेलेले एलईडी बोर्ड हमखास दिसतील. एखाद्याची अर्धीच अक्षरं पेटतात, एखाद्यावर लाल रेघा नुसत्या थरथरत असतात, आणि एखादा अगदी ठणठणीत असतो पण भर उन्हाळ्यात दिवाळीच्या शुभेच्छा देत असतो. दुकानदाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं. "ज्यानं लावून दिला तो आता फोनच उचलत नाही."

आमगावला आमच्या काकांच्या कृषी केंद्रावर यातला तिसऱ्या प्रकारचा नमुना होता. २०१२ साली घेतलेला. तेव्हा मी नववीत होतो आणि त्या बोर्डाचं मला कोण अप्रूप! दुकानाचं नाव लाल अक्षरांत डावीकडे सरकत जायचं ते बघत मी पायरीवर बसून राहायचो. मजकूर बदलायचा तर विकणाऱ्यालाच बोलवावं लागे. सॉफ्टवेअर त्याच्या कॉम्प्युटरवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. पुढे त्यानं धंदा गुंडाळला आणि शेवटचा भरलेला मजकूर बोर्डात कायमचा अडकला. रोमन लिपीत 'हॅपी दिवाली'. आमगावजवळचं पद्मपूर हे भवभूतीचं जन्मगाव मानलं जातं. एवढ्या मोठ्या नाटककाराच्या शेजारी राहून आमचा बोर्ड बारा वर्षं एकच संवाद म्हणत होता, तोही इंग्रजीत. :-)

मग एका पावसाळ्यात अर्धा बोर्ड विझला. मी पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदिया आणि तिथून पुढे आमगाव असा मजल दरमजल करत पोचलो, तर बोर्ड खाली उतरवून पोत्यांच्या थप्पीला टेकवून ठेवलेला. काका म्हणाले, "बाबू, भंगारवाल्याले देऊन टाकतो आता. जागा अडवून राहिलं."

माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, पोटापाण्याचा उद्योग मात्र जावाचा. सोल्डरिंगचा वास आठवला की जीव कासावीस होतो अशांपैकी मी एक. म्हटलं, दोन दिवस द्या.

आता हा बोर्ड आतून कसा असतो ते थोडक्यात सांगतो, कारण तो दिसतो तितका अवघड नाही. दुकानांवरचे बहुतेक लाल बोर्ड 'पी-१०' नावाच्या पॅनेलचे असतात. दोन दिव्यांमधलं अंतर १० मिलिमीटर म्हणून पी-१०. एका पॅनेलवर ३२ उभ्या रांगा आणि १६ आडव्या ओळी, म्हणजे ५१२ एलईडी. आमच्या बोर्डात अशी तीन पॅनेलं शेजारी शेजारी, म्हणजे ९६ बाय १६ ठिपके. एवढ्या ठिपक्यांना प्रत्येकी एक वायर कोण ओढणार? म्हणून पॅनेलच्या पाठीवर 'शिफ्ट रजिस्टर' नावाच्या आठ-आठ खणांच्या चिपा असतात. ७४एचसी५९५ हा तिचा नंबर. एका पॅनेलवर अशा १६ चिपा.

शिफ्ट रजिस्टर समजवायला आमच्याकडे फार सोपं उदाहरण आहे. धानाच्या बांध्या बघा. वरच्या बांधीत पाणी आलं की ती भरते, मग मुसंडी मारून पुढच्या बांधीत उतरतं, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक बांधीला वेगळा पाट नसतो. तसंच इथं. पहिल्या चिपेत बिट ढकलायचा, मागून दुसरा ढकलला की पहिला पुढे सरकतो. सगळे बिट आपापल्या जागी पोचले की 'लॅच' नावाच्या तारेवर एक टिचकी मारायची, आणि मगच दिवे पेटतात. आणि बांध्यांसारखंच, मधली एक फुटली की खालचे सगळे कोरडे!

बोर्डाचं नेमकं हेच झालं होतं. पहिलं पॅनेल बरं होतं, मधलं अर्ध्यावर विझलेलं आणि तिसरं पूर्ण काळं. तिसऱ्याला पहिल्याच्या जागी लावलं तर लख्ख पेटलं. बिचारं आजारी नव्हतंच, उपाशी होतं. मधल्या पॅनेलवरच्या एका चिपेचे पाय ओलीनं हिरवे पडून कुजले होते. मागचं झाकण उघडल्यावर कारणही सापडलं. वरची रबरी पट्टी उकललेली, आत गांधीलमाश्यांचं रिकामं घर आणि एका पालीचा सांगाडा. चिप बदलली. काही रुपयांची वस्तू.

दुसरा रोगी म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, एसएमपीएस. पाच व्होल्टच्या जागी जेमतेम चार. आतले कपॅसिटर डोकं फुगवून बसलेले. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत काय भाजणी होत असेल याचा विचार करा, म्हणजे त्यांचा राग येणार नाही. हा डबा दुरुस्त करत बसू नये, सरळ नवा घ्यावा. आत २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर काही वेळ भरलेले राहतात. मी पाच व्होल्ट, वीस अँपिअरचा घेतला. एक पॅनेल पूर्ण पेटलं तर चारेक अँपिअर खातं, त्यामुळे तिघांना तो पुरून उरतो.

उरलं ते पासवर्डवालं कंट्रोलर कार्ड. ते काढून बाजूला ठेवलं. पॅनेलला त्या कार्डाशी काही निष्ठा नसते. त्याला हव्यात फक्त सहा तारा: डेटा, क्लॉक, लॅच, कोणती ओळ पेटवायची ते सांगणाऱ्या दोन, आणि दिवे चालू-बंद करणारी एक. त्या कोण हलवतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी तिथं आर्डुइनो नॅनो बसवला. आर्डुइनो हे २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी जन्माला आलेलं प्रकरण. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही त्यांनाही दिवा लावता यावा, एवढाच हेतू. त्यातल्या चिपेत २ केबी रॅम असते. हसू नका, आपल्या बोर्डाचं एक चित्र किती? ९६ गुणिले १६ म्हणजे १५३६ बिट, म्हणजे १९२ बाइट. भरपूर झाली!

शनिवारी संध्याकाळी तिन्ही पॅनेलं एकदम पेटली. काकांनी लांबून बघून मान डोलावली आणि विचारलं, "मराठीत होते का?"

इथं खरी गंमत सुरू झाली.

आर्डुइनोच्या तयार लायब्रऱ्यांत रोमन अक्षरं असतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा, प्रत्येक आकड्याला एक चित्र, चित्रामागे चित्र ठेवत जा, संपलं काम. मराठीला हे चालत नाही. 'युरिया' हा शब्द युनिकोडमध्ये सहा तुकड्यांत साठवतात: य, उकार, र, वेलांटी, य, काना. प्रत्येकी तीन बाइट, एकूण अठरा. पण वेलांटी साठवताना र च्या नंतर येते आणि दिसताना आधी. 'शिल्लक' मध्ये तर ल चा पाय मोडायचा असतो. अर्धा ल असा वेगळा आकडा युनिकोडमध्ये नाहीच. ल, हलन्त आणि पुढचा ल एवढं सांगितलेलं असतं, जोडाक्षर कसं काढायचं ते दाखवणाऱ्यानं बघून घ्यायचं. हे बघून घेणं म्हणजे बरंच मोठं काम आहे. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरला सुरू होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकनं घरोघरी पोचवलेलं 'जिस्ट' कार्ड आठवतं का? तेव्हाच्या कॉम्प्युटरला हे झेपत नसे म्हणून त्यात एक अख्खं वेगळं कार्ड खोचावं लागे. माझ्या २ केबी रॅमच्या नॅनोकडून ती अपेक्षा करणं म्हणजे वासराला नांगराला जुंपणं.

पण आज ते काम करणारं यंत्र काकूंच्या हातात असतंच, मोबाइल! म्हणून नॅनोच्या जोडीला ईएसपी ८२६६ ची नोडएमसीयू पट्टी घेतली. २०१४ पासून ही वायफायवाली चिप हौशी लोकांची लाडकी आहे. ती स्वतःचं छोटं वायफाय तयार करते, इंटरनेट लागत नाही. मोबाइल त्याला जोडून पान उघडायचं, मराठीत लिहायचं. अक्षरं जुळवायची कटकट मोबाइलचा ब्राउझर करतो, १६ ओळींच्या चौकटीत शब्दाचं चित्र काढतो, आणि बोर्डाकडे जातात ते फक्त ठिपके. बोर्डाला मराठी येत नाही. त्याला काहीच येत नाही. तो दाखवतो.

सोळा ओळींत मराठी बसवणं मात्र नाजूक काम आहे. वर वेलांटी-मात्रा-अनुस्वारासाठी चार ओळी, मग शिरोरेषा, खाली उकारासाठी तीन. अक्षराच्या अंगाला उरतात आठ. रोमनला सात ओळींत ऐसपैस बसता येतं, आपल्या ध ला आठांतही गुदमरायला होतं. ब्राउझरनं काढलेलं पहिलं चित्र बोर्डावर आलं तशी काकू रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या, "हे 'घान' काहून लिवलं रे?"

मी लिहिलं होतं धान. ध ची गाठ एका ठिपक्यात बुजली होती आणि शिरोरेषा सलग झाली होती. भ आणि म यांचीही तीच गत, प आणि ष यांचीही. फरक एकेका ठिपक्याचा.

मग आम्ही नेहमीचे शब्द हातानंच काढायचं ठरवलं. मी चौकटीचा कागद छापून आणला. काकूंनी तो बाजूला सारला आणि वहीत पेनानं ठिपके मांडले, रांगोळीचे मांडतात तसे, सोळा ओळी. कोणता ठिपका गाळला की डोळा फसतो, याची समज माझ्यापेक्षा त्यांना किती तरी जास्त. ध ची शिरोरेषा दोन ठिपके तोडली की तो ध दिसतो, हे त्यांनी पाच मिनिटांत शोधलं. युरिया, धान, पोती, शिल्लक, आज, उद्या, बंद आणि दहा आकडे एवढी वर्णमाला दुपारभरात तयार झाली. इतर काही लिहायचं तर ब्राउझर आहेच.

आता बोर्डावर लिहायचं काय? काकांच्या मनात दुकानाचं नाव होतं. काकू म्हणाल्या, "नाव लोकायले माहीत हाय. युरिया हाय का नाही ते लिव."

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. रोवणी आटोपली, रोपं मुळं धरून फुटवे काढायला लागली, की सगळ्यांना एकाच पंधरवड्यात युरिया लागतो. पंचेचाळीस किलोचं पोतं, सरकारी दर २६६ रुपये ५० पैसे. त्या दिवसांत माल कमी आणि माणसं जास्त. सालेकसाकडच्या खेड्यातून एखादा माणूस रोजी बुडवून, गाडीभाडं घालून यायचा आणि दाराशी आल्यावर कळायचं की कालच संपला. दिवसभरात शंभर वेळा एकच प्रश्न, "आला काय?"

खरं तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे प्रत्येक विक्रेत्यानं रोजचा साठा आणि भाव ठळक जागी लावायचाच असतो. आमच्याकडेही खडूनं लिहायचा काळा फळा आहे. पण तो काउंटरच्या मागे, कॅलेंडरांच्या गर्दीत. तिथवर जो पोचला तो तसाही विचारणारच.

काका मात्र घुटमळले. "नुसतं 'उपलब्ध' लिही. आकडा कायले?"

त्यांचं घुटमळणं मला कळत होतं. आकडा नसला की दुकानदाराच्या हातात थोडी ढील राहते. एखाद्या वजनदार माणसाचा फोन येतो, दहा पोती बाजूला ठेवा म्हणून. नातेवाईक असतात, जुनी गिऱ्हाइकं असतात. 'संपला' म्हटलं आणि मागे दहा पोती राहिली तर कुणाला दिसत नाही. रस्त्यावरून दिसणारा लाल आकडा ही ढील काढून घेतो. याचं उत्तर प्रोग्राममध्ये नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. दोन दिवस बोर्डावर 'उपलब्ध' होतं. त्या दोन दिवसांत लोक पूर्वीइतकंच विचारत होते, फक्त प्रश्न बदलला होता. "उपलब्ध म्हणजे किती?"

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनीच मशीनवरची शिल्लक बघून मोबाइलवर आकडा टाकला. युरिया ८४ पोती. पानावर मी मोठी बटणं दिली होती, उणे एक, उणे पाच, उणे दहा. विक्री झाली की दाबायचं. काका काही बोलले नाहीत. दुपारी आकडा ३१ वर आला तेव्हा दोन गाडीवाले रस्त्यावरूनच बघून उतरले.

आठवड्याभरात एक नवीच गोष्ट दिसली. लोक बोर्डाचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला लागले. म्हणजे बोर्ड आता रस्त्यापुरता राहिला नव्हता, पंधरा-वीस किलोमीटरवरची माणसं तो वाचत होती. यानं दोन अडचणी उभ्या केल्या.

पहिली म्हणजे फोटोत अक्षरं तुटत होती. याचं कारण मजेशीर आहे. पॅनेलच्या सोळा ओळी एकदम पेटत नाहीत. पहिली, पाचवी, नववी, तेरावी असा चौघींचा एक गट पेटतो, मग दुसऱ्या चौघींचा. असे चार गट आळीपाळीनं इतक्या वेगानं पेटतात की डोळ्याला सगळं एकदम दिसतं. माझा प्रोग्राम एका गटाला एक मिलिसेकंद देत होता, म्हणजे पूर्ण चित्राला चार. पण उन्हात मोबाइलचा कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच डोळा उघडतो. तेवढ्यात त्याला एखादाच गट सापडणार. गटाची वेळ ०.२ मिलिसेकंदावर आणली. आता पूर्ण चित्र ०.८ मिलिसेकंदात होतं, सेकंदाला १२५० वेळा, आणि फोटोत सगळी अक्षरं येतात. वायफायचं काम वेगळ्या चिपेकडे दिल्याचा फायदा इथं झाला. मोबाइल जोडला गेला तरी नॅनोचा ठेका चुकत नाही.

दुसरी अडचण काकूंनी पकडली. मंगळवारचा फोटो कुणीतरी गुरुवारी पुढे पाठवला आणि तीन माणसं सकाळच्या गाडीनं येऊन बसली. त्यांतला एक म्हातारा तर उठायलाच तयार नाही. "बोर्डावर लिवलं होतं ना बाप्पा." काकूंनी त्याला चहा दिला आणि त्याच संध्याकाळी मला पुण्याला फोन. "तारीख टाक. आकड्याच्या बाजूलेच. वेगळी नोको."

वेगळी नको हे फार महत्त्वाचं. तारीख दुसऱ्या पानावर सरकत आली असती तर फोटोत ती आलीच नसती. ९६ ठिपक्यांत '१४/८' आणि '३१ पोती' शेजारी शेजारी बसतात, 'युरिया' हा शब्द आधीच्या पानावर. पुढच्या खेपेला डीएस३२३१ हे घड्याळ बसवलं. बटणाएवढ्या सेलवर ते वीज गेली तरी चालू राहतं, आणि वीज तर जातेच. त्याच घड्याळाला आणखी एक काम दिलं. मध्यरात्र झाली की आकडा आपोआप पुसला जातो. सकाळी कुणी नवा भरेपर्यंत बोर्ड एवढंच म्हणतो, 'आजचा साठा दुकानात विचारा'. ऑफिसात आम्ही शिळा डेटा, कॅशची मुदत यावर तासन् तास चर्चा करतो. त्यात फार तर एखाद्याला जुनं पान दिसतं. इथं शिळा आकडा म्हणजे एका माणसाची रोजी आणि जाण्या-येण्याचं भाडं.

काकांचं काय झालं? ऑगस्टमध्ये मी घरी असताना अपेक्षित असा एक फोन आला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. काका शांतपणे म्हणाले, "आता बोर्डावर आकडा लागला हाय, सगळे बघून राहिले. मी तरी काय करू?" फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसले. इतकी वर्षं नाही म्हणायला जे कारण मिळत नव्हतं ते भिंतीवर टांगलेलं होतं. असे फोन पूर्ण थांबलेत असं मी म्हणणार नाही. कमी झालेत एवढं काकूंनी सांगितलं.

हिशेब विचाराल तर नॅनो, नोडएमसीयू, घड्याळ, एसएमपीएस, चिप आणि किरकोळ धरून साडेअठराशे रुपये लागले. पेटीची वरची फट सिलिकॉननं बुजवली, खाली पाणी निथळायला दोन भोकं ठेवून त्यांना जाळी लावली, म्हणजे गांधीलमाश्यांनी पुन्हा बिऱ्हाड करू नये. प्रोग्रामची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि कोणती तार कुठे जाते त्याचा कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय, मराठीत. उद्या मी उपलब्ध नसलो तरी गोंदियाच्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या पोराला तासाभरात उलगडा व्हावा. पासवर्ड काकूंनी ठेवलाय आणि तो मलाही सांगितलेला नाही.

तुमच्या ओळखीत असा एखादा मेलेला बोर्ड असेल तर भंगारात घालण्याआधी आधी पाच व्होल्ट मोजा, मग पॅनेलांची अदलाबदल करून बघा. बहुतेक वेळा दिवे शाबूत असतात. काकूंनी पुढच्या खेपेसाठी काम काढून ठेवलंय. डीएपीचा आकडाही पाहिजे. 'डीएपी' हा शब्द त्यांनी वहीत ठिपक्यांनी काढूनही ठेवलाय, मला फक्त जागा शोधायची आहे.